हजारी दोन

हिवताप सरकारने एकदा बंद केला होता. तशी पाटी घोटीच्या स्टँडसमोरच्या भिंतीवर गेरूने रंगवलेली होती, आणि भर उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडत दवाखान्याकडे निघालेली माणसं तिच्यावरूनच पुढे जात. काही वर्षांनी ही माणसं वरच्यांनाही दिसली. मग सत्त्याहत्तर साली नवी योजना आली. तिचा नियम साधा होता. ज्या गावात वर्षाकाठी हजार माणसांमागे दोन किंवा जास्त हिवतापाचे रोगी सापडतील, त्या गावाला फवारणी. सापडतील म्हणजे बोट टोचून काचेवर घेतलेल्या रक्तात सापडतील. नुसतं तापून भागत नसे.

या योजनेत निवृत्ती फवारणीचा मुकादम होता. वय बेचाळीस, मुक्काम नाशकात, द्वारकेच्या मागच्या बौद्ध वस्तीत. घरी बायको शकुबाई आणि दोन मुली. हाताखाली रोजंदारीवरची पाच माणसं, दोन पंप, सहा बादल्या, आणि इगतपुरी तालुक्यातली एकवीस गावं. डीडीटीची पावडर वरून फुकट यायची. ती मारणाऱ्यांची मजुरी दुसऱ्या दारातून मंजूर व्हायची, आणि ही दोन दारं एकाच वेळी उघडी सापडणं दुर्मीळ होतं. डास जूनमध्ये कामाला लागतात आणि दिवाळीनंतर आवरतं घेतात. मजुरीचा कागद साधारण त्याच बेताला निघायचा. त्यामुळे निवृत्तीची तुकडी गावात शिरायची ती बहुधा दिवाळीच्या तोंडावर.

आणि दिवाळीच्या तोंडावर बाया घरं लिंपतात.

फवारणीचं सगळं गणित भिंतीवर होतं. माणसाला चावून पोट भरलेला डास जड होतो आणि जवळच्या भिंतीवर टेकतो. तिथे पावडर असली तर तो तिथून उठत नाही. पण तीच भिंत आठ दिवसांत शेण-मातीने लिंपून वर पांढऱ्या मातीचा हात फिरवला, तर पावडर आत आणि डास बाहेर. निवृत्ती हे दोन वर्षं बघत होता. मागच्या बाजूला त्याची माणसं फवारत आणि पुढच्या बाजूला बाया लिंपत. कागदावर मात्र गाव शंभर टक्के फवारलेलं असे, आणि ते खोटंही नसे.

खडकदरा हे त्याच्या एकवीस गावांतलं एक गाव. वस्ती सहाशे चाळीस, घरं कुडाची, तिन्ही बाजूंना भातखाचरं आणि चौथ्या बाजूला ओढा. अठ्ठ्याहत्तर साली तुकडी तिथे पोचली तेव्हा दिवाळीला अठरा दिवस होते. दोन दिवसांत गाव फवारून झालं. काही घरांत चुलीपर्यंत जायची मुभा फक्त मंगळूला होती, कारण तुकडीत तो एकटा मराठा होता. निवृत्ती अशा वेळी पडवीत उभा राहून बादलीत पावडर ढवळायचा. डासांना मात्र सगळ्या घरांत चुलीपर्यंत मुभा होती.

काम संपल्यावर सरपंच रावजींनी फवारणी पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"झालं ना मुकादम? आता सुटा. घोटीची गाडी सापडंल."

"रावजी, एक अडचण आहे," निवृत्ती म्हणाला. "या भिंती अडीच महिने लिंपायच्या नाहीत."

रावजी हसले. पाराजवळ पाण्याला निघालेल्या बायका उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी हात केला. "माझ्या हातात सही हाय. भिती त्यांच्या हातात. त्यांस्नी सांगा."

निवृत्तीने त्यांना सांगितलं. डास, भिंत, पावडर, सगळं. बायकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग भागुबाई पुढे झाली. गावातली कुठलीही गोष्ट तिच्या तोंडून एकदा गेल्याशिवाय पुरी होत नसे.

"डीडीटीवाले भाऊ, दिवाळीला घर कवा लिंपत नाय, ठावं हाय का?"

"सुतक असलं तर."

"मंग? साऱ्या गावानं सुतक धरायचं व्हय? कोन मेलं म्हनायचं? डास?"

बायका हसल्या. भागुबाईला आणखी चेव आला. "तुमी लोक दिवाळी करीत नाय, म्हनून आमची बी बुडवता?"

"मी करत नाही हे खरं," निवृत्ती म्हणाला. "पण डास करतात. तुमच्या घरात गेल्या दिवाळीनंतर तिघांना ताप आला होता, भागुबाई."

भागुबाई गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे तिला पटलं, असा अर्थ खडकदऱ्यात कुणी काढत नसे. बायका पाण्याला निघून गेल्या. त्यांतली एकच बाई सबंध वेळ काही बोलली नव्हती आणि हसलीही नव्हती. ती सुलाबाई. साठीची, पांढऱ्या कपाळाची, गावात शब्दाला वजन असलेली. गेल्या साली घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तिचा चार वर्षांचा नातू तापाने गेला होता.

नाशकाला आल्यावर निवृत्तीने हा विषय हिवताप कार्यालयातल्या साहेबांपुढे काढला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पंखा कमी केला आणि समजावून सांगितलं.

"हे बघा, आपलं उद्दिष्ट भिंती फवारण्याचं आहे. फवारल्या?"

"फवारल्या, साहेब."

"मग त्यानंतर भिंतीचं काय होतं ते आपल्या तक्त्यात येत नाही. लोक घर लिंपतात हा लोकांचा प्रश्न आहे."

"पुन्हा एकदा गावात जाऊन सांगावं म्हणतो."

"जा की. पण फवारणी झालेल्या गावाला परत जायचा भत्ता निघत नाही."

निवृत्तीने भत्ता मागितला नव्हता. तो उठला आणि त्याने सहादूला गाठलं. सहादू म्हणजे दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरून तापलेल्या माणसांचं रक्त घेणारा कर्मचारी. त्याच्याकडे घरवार नोंदी असत. निवृत्तीने खडकदऱ्याच्या गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंतच्या नोंदी वहीत उतरवून घेतल्या, आणि उतरवता उतरवता एका घराशी त्याची पेन्सिल थांबली. त्याने ते घर दोनदा तपासलं. मग वही मिटली.

"कुठं निघाला रविवारचे?" शकुबाईने विचारलं.

"घोटीकडे."

"भत्ता?"

"नाही."

"मग डबा तरी न्या," ती म्हणाली, आणि भाकरी बांधून दिली.

घोटीपासून खडकदरा दीड तासाच्या वाटेवर. निवृत्ती पोचला तेव्हा सुलाबाई अंगणात बसून घमेल्यात पांढरी माती कालवत होती. उंबऱ्यात तिची सून चिमणा तांदूळ निवडत होती. तिला पाचवा महिना होता. गेलेलं पोर तिचं.

"आज पंप नाय?" सुलाबाईने विचारलं.

"आज सुट्टी आहे, मावशी."

"मंग कशापायी आलात?"

निवृत्ती ओट्याच्या कडेला टेकला आणि त्याने वही काढली. वाटेत त्याने हे कसं सांगायचं ते चार प्रकारे ठरवलं होतं. आता चारही प्रकार त्याला सारखेच वाईट वाटले, म्हणून त्याने नुसतं वाचून दाखवलं.

"गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावात चौदा जणांचं रक्त खराब निघालं. या डाव्या हाताच्या घरात दोघं. उजवीकडे भागुबाईकडे तिघं. मागे ओढ्याला लागून लहानूचं घर आहे, तिथे तिघं. मधल्या घरात एकही नाही."

"मधलं म्हंजी?"

"हे."

सुलाबाई माती कालवत राहिली.

"फवारणी या चारही घरांत एकाच दिवशी झाली होती," निवृत्ती म्हणाला. "बाकीच्यांनी दिवाळीला घरं लिंपली. तुमचं लिंपलं नव्हतं."

आता तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "म्हंजी पोरगं गेलं म्हनून घर वाचलं."

निवृत्ती असं म्हणाला नव्हता. पण दीड तास चालून तो जे सांगायला आला होता ते हेच होतं.

"पोरगं गेलं त्याच्यानंतर बारा दिसांनी तुमी पंप घिऊन दारात आलात," सुलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात तंटा नव्हता. ती हिशोबाने बोलत होती. "तवा मी इचारलं नाय. घरात मानसं व्हती, रडारड व्हती. आता इचारते. तवर पावडर व्हती कुठं?"

या प्रश्नाला सरकारी नोकराकडे तयार उत्तरं असतात. वरून आली नव्हती, हे एक. पावसाने रस्ता बंद होता, हे दुसरं. दोन्ही उत्तरं लोक मान्य करतात, कारण वर काय चालतं आणि पाऊस किती पडतो यावर कुणाचाच इलाज नसतो. निवृत्तीने ती दोन्ही आजवर पुष्कळ गावांत वापरली होती.

"नाशकात होती," तो म्हणाला. "गोदामात. जूनपासून."

"जूनपासनं?"

"मजुरीचा कागद निघाला नव्हता. माणसं लावता येत नव्हती. आम्ही रोज दुपारी त्या गोण्यांवर बसून डबा खात होतो."

चिमणाचं निवडणं थांबलं. तिने सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली. सुलाबाईने हाताची माती घमेल्याच्या काठाला निपटली, पण हात धुतले नाहीत. शेजारून भागुबाईच्या बत्त्याचा आवाज येत होता. ती गेरू कुटत असावी.

बऱ्याच वेळाने चिमणा दारात आली. ती निवृत्तीकडे बघून बोलली नाही. त्याच्या पायाजवळच्या जमिनीकडे बघून बोलली.

"किती दीस राहती पावडर?"

"अडीच महिने. भिंतीला हात लावला नाही तर."

"मला माघात हाय."

"थंडी पडेपर्यंत पुरेल. थंडीत डास फारसे नसतात."

चिमणाने सासूकडे पाहिलं. सुलाबाई म्हणाली, "वरीस सरलं पोराचं. यंदा तरी घर उजळू दे म्हनत व्हते मी. नवं मानूस यायचं, अन् भिती सुतकाच्या?"

"गेल्या साली घट बसायच्या टायमाला आपली भित कशी व्हती, आत्याबाई?" चिमणाने विचारलं. "पांढरीशिप्पाट व्हती. मीच पोतारली व्हती."

सुलाबाईने घमेलं उचललं आणि अंगणाच्या कडेला नेऊन ठेवलं. परत आली ती निवृत्तीच्या समोर उभी राहिली.

"ठीक हाय मुकादम. आतून नाय लावायची मी माती. पर तुमी बी ऐका. पुढल्या साली दिवाळीला यायचं नाय. पावसाच्या आधी यायचं. येनार?"

निवृत्तीला पाच माणसांची रोजंदारी मंजूर करायचा अधिकार नव्हता. सहा बादल्यांचाही नव्हता. जागेवरून उठून तो म्हणाला, "येईन."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तेव्हा सुलाबाईच्या घराची पुढची भिंत पांढरी झालेली लांबूनच दिसली, आणि उरलेली वाट त्याने झपाझप तोडली. आत शिरल्यावर कळलं की माती फक्त बाहेरून लागली होती. आतल्या भिंतींवर पावडरीचे ओघळ जसेच्या तसे होते. देवाच्या कोनाड्याभोवती तेवढा हातभर चौकोन लिंपलेला होता, आणि त्यावर हळदीची बोटं.

हे सहज झालेलं नव्हतं. पाडव्याला आलेल्या बायका आत डोकावून ओट्यावरूनच परत फिरल्या होत्या, कारण सुतकाच्या घरचा फराळ खात नाहीत. सिन्नरहून सुलाबाईचा भाऊ ओवाळून घ्यायला आला, त्याने आतल्या भिंती पाहिल्या आणि कोण गेलं म्हणून विचारलं. कुणी गेलं नाही, हे ऐकल्यावर तो अधिकच घाबरला. कुणी गेलेलं नसताना सुतक धरणं म्हणजे मरणाला चुलीपाशी पाट मांडणं, असं म्हणून तो पाण्याचा घोटही न घेता निघून गेला. कुणी गेलेलं नसताना सुलाबाईची भाऊबीज झाली नाही, असं साठ वर्षांत पहिल्यांदा घडलं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" निवृत्तीने विचारलं.

"काय म्हननार? जा म्हनलं. पुढल्या साली ये."

गावात मात्र एक वेगळीच साथ पसरली होती. भागुबाईचं बाहेरचं लिंपून झालं, आणि माजघराशी आल्यावर तिची कंबर धरली. लहानूच्या बायकोची माती संपली. आणखी एकीला शेण मिळालं नाही, ज्या गावात माणसांपेक्षा गुरं जास्त होती. अशी अकरा घरं निघाली, अकरा कारणांनी आतून राहून गेलेली. पावडरीमुळे राहिलं असं एकीनेही कबूल केलं नाही. निवृत्तीनेही विचारलं नाही. त्याने प्रत्येकीला कंबरेची काळजी घ्यायला सांगितलं आणि घोटीची गाडी पकडली.

माघात चिमणाला मुलगी झाली. मुलगी धडधाकट होती आणि आईही उठून बसली.

एकोणऐंशी साली जिल्हा परिषदेच्या निवडणुका होत्या. त्यामुळे कागद पटापट निघाले, आणि मे महिन्यात, वळवाच्या आधी, निवृत्ती पंप घेऊन खडकदऱ्यात हजर झाला. गावाने त्याला शब्दाचा पक्का मानलं. रावजींनी चहा पाजला. निवृत्तीने निवडणुकांचा विषय काढला नाही. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात भिंतींवर पावडर होती, आणि जानेवारी ते डिसेंबर सहादूच्या काचांवर खडकदऱ्याचं एकच रक्त खराब निघालं. दिवाळीला बायकांनी घरं मनसोक्त लिंपली. सुलाबाईने आतून बाहेरून दोन हात दिले, आणि सिन्नरचा भाऊ ओवाळून घेऊन गेला.

ऐंशीच्या एप्रिलमध्ये साहेबांनी निवृत्तीला बोलावलं आणि उठून त्याच्याशी हात मिळवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"तुमचं खडकदरा," ते म्हणाले. "हजारी एक पूर्णांक छप्पन्न. आपल्या तालुक्यात असा उतार दुसरा नाही."

"हो साहेब."

"यादीतून वगळलं आहे. आता तिथं फवारणी नाही. पैसे जिथे गरज आहे तिथे."

"साहेब, पावडर होती म्हणून ताप उतरला. पावडर काढली तर चढेल."

"चढला की परत यादीत घेऊ," साहेब म्हणाले. त्यांनी हे चेष्टेने म्हटलं नव्हतं. नियमात तशी तरतूदच होती.

निवृत्ती पुन्हा रविवार बघून गेला. हे पत्राने कळवता आलं असतं, पण कळवणार कुणाला? रावजींना कळवलं असतं तर त्यांनी पोच दिली असती.

सुलाबाई अंगणात नातीला न्हाऊ घालून पुसत होती. पोर सव्वा वर्षाची, उभी राहायची आणि धपकन बसायची. चिमणा शेतावर गेली होती. सुलाबाईने त्याचे रिकामे हात पाहिले.

"पंप मागनं येतोय का?"

"येत नाही, मावशी. यंदा गावाला फवारणी नाही."

"कागद निघाला नाय?"

"कागद निघाला. त्यात गावाचं नाव नाही. गेल्या साली इथे एकालाच ताप आला. एवढ्यावर पावडर देत नाहीत."

सुलाबाईने पोरीचे केस कोरडे केले. ते करून झाल्यावर तिने विचारलं, "मंग किती जनांला येवा लागतो?"

निवृत्तीला ते गणित पाठ होतं. सहाशे चाळीस माणसांच्या गावाला एकाने भागत नव्हतं.

"दोघांना," तो म्हणाला. "निदान."

"दोघांस्नी." बाजारातला भाव ऐकावा तशी मान हलवून ती म्हणाली. पोर तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली होती. सुलाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग तिने आपला हात पुढे केला, उताणा, बोटं फाकवून, जसा सहादूपुढे करायची तसा.

"माझं लिवा. ताप आला म्हनून लिवा. एक मी झाले. दुसरी भागुबाई देईल, तिला मी सांगते."

"लिहून चालत नाही. रक्त लागतं."

"मंग घ्या की. हात केलाय."

"मावशी, तुमचं रक्त चांगलं आहे," निवृत्ती म्हणाला. "चांगलं चालत नाही. ते काचेवर बघतात."

सुलाबाईचा हात तसाच राहिला. तिला ते कळलं नव्हतं असं नाही. खाली घ्यायची घाई तिला नव्हती, एवढंच. निवृत्तीला तिच्या तर्जनीच्या टोकावर जुन्या टोचण्याच्या बारीक खुणा दिसत होत्या.

मग तिने तो हात पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"तर मंग थांबा थोडं," ती म्हणाली. "पाऊस पडू द्या. खराब बी मिळंल."

निवृत्ती ओट्याच्या कडेला बसला. पोरीने दोन पावलं टाकली, तिसऱ्याला ती त्याच्या गुडघ्यावर येऊन आदळली, आणि त्याने तिला धरलं. घोटीची गाडी चुकणार होती. ती चुकेपर्यंत तो तिला धरून बसला.